जनरेटर घराबाहेरच: एका सहरीने शिकवलेला धडा

रमजानमध्ये ऐन सहरीच्या वेळी लाइट गेली की घरात काय धांदल उडते, हे वाचकांना सांगायला नको. तव्यावर पोळी, घड्याळाकडे नजर आणि सगळीकडे अंधार. आमच्या जवळा बाजारला ही गोष्ट नवी नाही. परभणी-हिंगोली रस्त्यावरचे, औंढा नागनाथ तालुक्यातले हे बाजाराचे गाव. अवकाळी पाऊस आला, वारा सुटला की कुठे तारेवर फांदी पडते, कुठे डीपी जळतो, आणि मग लाइट कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही. घरात वयस्क अम्मी, शाळकरी मुले, फ्रीजमध्ये ठेवलेले इन्सुलिन. म्हणून आम्ही भावंडांनी पैसे जमवून पेट्रोलवर चालणारे तीन केव्हीएचे छोटे जनरेटर घेतले.

घेतले, पण कुठे ठेवायचे आणि कसे जोडायचे याचा विचार केला नाही. दुकानदाराने दोरी ओढून सुरू करून दाखवले, बल्ब लागला, आम्ही खूश. अंगणात एका कोपऱ्यात ते ठेवत असू. त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात होता. एका रात्री अवकाळी पाऊस आला. जनरेटर भिजू नये म्हणून आम्ही ते उचलून पडवीत घेतले. पडवीला तिन्ही बाजूंनी भिंत, समोरून पडदा लावलेला आणि अम्मींच्या खोलीचे दार नेमके पडवीतच उघडणारे. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. जनरेटर रात्री दोनपासून सुरू होते.

सहरीला उठलो तेव्हा अम्मी म्हणाल्या, "सर बहुत भारी लग रहा है बेटा, कुछ खाने को जी नहीं चाहता." धाकट्या मुलीला उलटी झाली. आम्हाला वाटले, रोजांमुळे पित्त झाले असेल, झोप अपुरी झाली असेल. आमचेही डोके ठणकत होते. शेजारी राहणारे भाईजान चहापत्ती मागायला आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "अरे, घरात एवढा धूर कसला? आधी सगळे बाहेर या." त्यांनी जनरेटर बंद केले, दारे-खिडक्या उघडल्या, अम्मींना धरून ओसरीबाहेर आणले. मोकळ्या हवेत अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांना जरा बरे वाटले. सकाळी डॉक्टरांनी तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जनरेटर कुठे होते?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "आणखी दोन तास झोपून राहिला असतात तर मला भेटायला आला नसतात."

दुर्गापूरची ती रात्र

डॉक्टर घाबरवत नव्हते. १३ जुलै २०२१ ची सकाळ अनेकांना आठवत असेल. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूरमध्ये रात्री लाइट गेली म्हणून एका कुटुंबाने घरातच जनरेटर सुरू केले आणि सगळे झोपी गेले. सकाळी दार उघडले तेव्हा एकाच घरातले सहा जण गेलेले होते. त्यांत नुकतेच लग्न झालेले जोडपेही होते. चोरी नाही, आग नाही, शॉक नाही. झोपेतच सगळे संपले. ही बातमी आम्ही तेव्हा वाचली होती, हळहळलो होतो, आणि तरीही पाऊस आला तेव्हा जनरेटर पडवीत घेतले. बातमी वाचणे आणि तिच्यातून शिकणे यांत किती अंतर असते, हे त्या सहरीला कळले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात लॉरा नावाचे वादळ आले. वादळातून वाचलेली माणसे नंतर जनरेटरच्या धुराने गेली. लेक चार्ल्स शहरात तर एकाच घरातले अनेक जण, जनरेटर गॅरेजमध्ये ठेवल्यामुळे दगावले. तिथे ना शिक्षणाची कमतरता होती ना पैशाची. चूक तीच होती जी आम्ही केली.

न दिसणारा वायू

जनरेटरच्या इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे समजू नये. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

लक्षणे अगदी साधी असतात. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे वाटणे. रमजानमध्ये तर ही लक्षणे रोजाचीच वाटतात, आणि इथेच फसगत होते. झोपलेल्या माणसाला तर लक्षण कळतच नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: जनरेटर सुरू असताना घरात एकापेक्षा जास्त जणांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग बाकीचा विचार करा. कोणी बेशुद्ध असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखान्यात जनरेटरचा उल्लेख जरूर करा. नाही तर पित्ताच्या गोळ्या देऊन परत पाठवतील.

खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला म्हणजे भागते, हा गैरसमज आहे. सायलेन्सरला पाइप जोडून तो खिडकीबाहेर काढणे हाही उपाय नाही, कारण सांध्यांतून वायू आत गळतो. घर, पडवी, जिन्याखालची जागा, गोठा, दुकानाची मागची खोली, शटर अर्धे उघडलेले गॅरेज, यांतली कोणतीही जागा चालत नाही.

जागा कुठे आणि कशी

जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर हवे. दारे, खिडक्या, झरोके, कूलर यांच्यापासून हे अंतर मोजायचे. धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. आपल्या घरातून धूर काढून हमसायाच्या घरात सोडला तर आपण केले काय? आपल्या गल्ल्या अरुंद, भिंतीला भिंत लागलेली. त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलून, त्यांना जागा दाखवून मगच जनरेटर बसवावे. आवाजाचेही तसेच आहे. डिझेल जनरेटर बंद पेटीचे, म्हणजे ज्याला लोक सायलेंट म्हणतात ते घ्यावे. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या अशा डिझेल जनरेटरचा आवाज पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे.

जनरेटर जमिनीवर तसेच ठेवू नये. विटा-सिमेंटचा सपाट ओटा करावा, जमिनीपासून फूटभर उंच. पावसाळ्यात अंगणात पाणी साचले तरी यंत्र कोरडे राहील. वर पत्र्याचे छप्पर हवे, पण चारही बाजू मोकळ्या. भिंती बांधल्या की ती पुन्हा खोलीच झाली. बाजूंना जाळी लावली तर मुले आणि शेळ्या-कोंबड्या लांब राहतात. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून जनरेटरला हात लावू नये.

आणि वीस फूट जागाच नसेल तर? मग जनरेटर घेऊ नका. हे आम्ही स्पष्टच सांगतो. दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंग एवढेच हवे असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरेशी आहे. बॅटरी मात्र हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. छतावर सोलर बसवलेल्यांनाही एक सांगावेसे वाटते. बॅटरी नसलेले नेहमीचे सोलर लाइट गेल्यावर आपोआप बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणूनच ते तसे बनवलेले असते.

वायरमनचा जीव

आमची दुसरी चूक याहून मोठी होती, कारण तिच्यात दुसऱ्याचा जीव गेला असता. जनरेटर घरातल्या पंख्यांना जोडायचे म्हणून आम्ही दोन्ही टोकांना प्लग लावलेली एक वायर बनवून घेतली होती. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. सगळे घर उजळते. सोपे वाटते. बऱ्याच घरांत हेच चालते.

नंतर आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. आयटीआय करून तो परवानाधारक वायरमन झाला आहे. ती वायर पाहून तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, मेन स्विच बंद करायला एखाद्या दिवशी विसरलात तर हा करंट उलटा डीपीवर जातो. डीपी दोनशे तीस व्होल्टचे पुन्हा अकरा हजार व्होल्ट करतो. तिकडे तार जोडायला खांबावर चढलेल्या माणसाला वाटते लाइन बंद आहे." पुढचे त्याला सांगावे लागले नाही. शाळेत विज्ञान शिकवताना ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो, हे आम्ही फळ्यावर कितीदा लिहिले असेल. घरात मात्र विसरलो. शिवाय ती वायर सॉकेटमधून निसटली तर तिच्या उघड्या पिनांत जिवंत करंट असतो, आणि आमच्या घरात रांगणारे मूल होते.

यावर उपाय एकच: चेंजओव्हर स्विच. हा स्विच एका वेळी एकच बाजू जोडतो, महावितरणची किंवा जनरेटरची. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. सिंगल फेज घरासाठी दोन पोलचा घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. थ्री फेज असेल तर चार पोलचा. तो मीटर आणि मेन स्विचनंतर, परवानाधारक माणसाकडूनच बसवून घ्यावा. मोठ्या जनरेटरसाठी विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचेही नियम आहेत. तेही परवानाधारक ठेकेदाराला विचारून घ्यावेत.

जनरेटर दूर गेले की केबल लांब लागते. तीन केव्हीएच्या यंत्रातून साधारण तेरा अँपिअर करंट येतो. आमच्या विद्यार्थ्याने तांब्याची चार चौरस मिलिमीटरची केबल पाइपमधून, जमिनीखाली दोन फूट पुरून आणली. पत्र्यावरून, दाराच्या फटीतून, कपडे वाळवण्याच्या तारेवरून केबल नेऊ नये. साधी दोन पदरी वायर तर नकोच, कारण तिच्यात अर्थची तार नसते.

मातीशी नाते: अर्थिंग

आता अर्थिंगकडे येऊ. जनरेटरच्या आत कुठे तरी इन्सुलेशन खराब झाले आणि फेजची तार लोखंडी सांगाड्याला लागली, तर सांगाड्यात करंट उतरतो. हात लावणाऱ्याच्या अंगातून तो जातो. सांगाडा जाड तारेने नीट जोडलेला असेल तर करंटला परतायला सोपी वाट मिळते, तो एकदम वाढतो आणि एमसीबी पडते. थोडाच करंट गळत असेल तर एमसीबी पडत नाही. त्यासाठी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, जिला आपल्याकडे बरेच जण ईएलसीबी म्हणतात.

आम्ही काय केले होते? हातभर लांबीची एक सळई जमिनीत ठोकून तिला वायर गुंडाळली होती. विद्यार्थ्याने अर्थ टेस्टर लावला. रीडिंग शंभर ओहमच्या वर. म्हणाला, "सर, हे अर्थिंग नाही, समाधान आहे." काही जण अर्थची तार हातपंपाला, बोअरच्या केसिंगला किंवा नळाच्या पाइपला बांधतात. ते तर फारच धोक्याचे. बिघाड झाला तर पाणी भरायला आलेल्या बाईला शॉक लागेल.

खरे अर्थिंग असे केले. भिंतीपासून दीड मीटरहून दूर, जनरेटरजवळ खड्डा खणला. त्यात अडीच मीटर लांबीचा, भोके पाडलेला जीआय पाइप उभा केला. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर आलटून पालटून भरले. वर नरसाळे बसवून छोटी विटांची चौकट आणि झाकण केले. पाइपपासून जीआय पट्टी आणली आणि जनरेटरच्या सांगाड्याला दोन वेगळ्या ठिकाणी नट-बोल्टने घट्ट जोडली. रंग खरवडून काढला, कारण रंगावर बोल्ट बसवला तर जोड लागतच नाही. पुन्हा टेस्टर लावला तेव्हा रीडिंग पाच ओहमच्या आत आले. मोठ्या जनरेटरला सांगाड्यासाठी दोन आणि न्यूट्रलसाठी वेगळे, असे एकाहून जास्त खड्डे लागतात.

आपल्या भागात काळी माती. ओली असते तेव्हा ती करंट छान वाहून नेते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला नरसाळ्यातून बादलीभर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्यातच, टेस्टर लावून घ्यावा.

आणखी एक गोष्ट बरेच वायरमनही विसरतात. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा वेळी सांगाड्यात करंट आला तरी त्याला जनरेटरकडे परतायची वाट नसते, आणि घरातली आरसीसीबी पडत नाही. दोन्ही पोल तोडणारा चेंजओव्हर लावून जनरेटर घराला जोडतो तेव्हा त्याचा न्यूट्रल एका ठिकाणी, आणि एकाच ठिकाणी, अर्थला जोडावा लागतो. कंपनीच्या पुस्तिकेत हे दिलेले असते. वायरमनला ती पुस्तिका दाखवा. काम झाल्यावर जनरेटर चालू ठेवून आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून बघा. तेवढ्यावर मात्र थांबू नका. बटण फक्त आरसीसीबी चालते का ते सांगते, अर्थ बरोबर आहे का ते सांगत नाही. ते वायरमनने मीटरने तपासायचे.

पेट्रोल आणि रोजची सवय

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. बंद करावे, पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे, मग भरावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचते. कॅन घरात, स्वयंपाकघरात, जिन्याखाली ठेवू नये. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नको. मुलांना ते सरबत वाटते.

सुरू करताना क्रम ठरलेला असावा. आधी घरातली मोठी उपकरणे बंद. चेंजओव्हर मधल्या, बंद स्थितीत. जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटे मोकळे चालू द्यावे. मग चेंजओव्हर जनरेटरकडे आणि एकेक उपकरण सुरू. आमचा फ्रीज चालताना दोनशे वॅटच्या आत घेतो, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो. फ्रीज आणि पाण्याची मोटार एकदम लावली की जनरेटर गुदमरते. बंद करताना क्रम उलटा. हा क्रम आम्ही मराठीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहून चेंजओव्हरशेजारी चिकटवला आहे, कारण घरात आम्ही नसताना लाइट जाऊ शकते.

शादीच्या घरी

निकाह, वलीमा, उर्स अशा वेळी भाड्याने मोठे जनरेटर येते. ते मांडवाला टेकून किंवा बायकांच्या बैठकीमागे उभे केले जाते. तिथे घरातल्या कर्त्या माणसाने चार गोष्टी पाहाव्यात. धूर मांडवात येतो का? सांगाड्याला अर्थ आहे की नुसती सळई? वायरी सतरंजीखालून किंवा देगांजवळच्या ओल्यातून गेल्या आहेत का? आणि मुलांना अडवायला दोरी बांधली आहे का? भाड्याच्या माणसाला हे विचारण्यात कसला संकोच? मेजवानीचे मीठ चाखून बघतो, तसेच हेही बघावे.

एखाद्याला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नये. आधी जनरेटर बंद करावे. ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवावे आणि लगेच १०८ ला फोन करावा. तार तुटून रस्त्यावर पडली असेल तर जवळ न जाता महावितरणच्या १९१२ वर कळवावे.

आता आमचे जनरेटर अंगणाच्या टोकाला, निंबाखालच्या ओट्यावर आहे. पाऊस आला तरी ते आत येत नाही. दोन्ही टोकांना प्लग असलेली ती वायर आम्ही तोडून शाळेत नेली. ट्रान्सफॉर्मरचा धडा शिकवताना ती मुलांना दाखवतो आणि घरी अशी वायर असेल तर आजच अब्बांना सांगा म्हणतो. पहिल्याच वर्षी तीन मुलांनी हात वर केले. एक जण दुसऱ्या दिवशी वायरच घेऊन आला.

अम्मी अजूनही लाइट गेली की एकच विचारतात, "मशीन कहाँ है?" बाहेर आहे म्हटल्यावर त्या खिडकी उघडून स्वतः बघतात, आणि मगच सहरीला बसतात.